दक्षिणेचं दार आणि नैऋत्येची प्रेस

मामींचा मेसेज आला, 'तू लेआउटची कामं करतोस ना, हे बघ.' खाली तोच वास्तुशास्त्राचा फॉरवर्ड, महिन्याभरात चौथ्यांदा: 'कारखाना तोट्यात चाललाय? दिशा बदला!' अवजड मशीन नैऋत्येला, भट्टी आग्नेयेला, तयार माल वायव्येला म्हणजे वाऱ्यासारखा विकला जातो, मालकाची केबिन नैऋत्येला, आणि दक्षिणेचं दार बंद, कारण तिथून पैसा बाहेर जातो. एरवी पुसून टाकला असता. पण मामेभावाने त्याच्या शीटमेटलच्या शेडमध्ये तो जवळजवळ सगळा अमलातही आणला होता. रविवारी जाऊन बघून आलो.

आधी दाराचं बोलतो, कारण बाकी सगळ्यात फार तर पैसा जाईल.

शेडच्या दक्षिण भिंतीत एक छोटं दार होतं. आता त्याला आतून कडी, कडीला कुलूप, आणि समोर तयार मालाची रॅक. दारावरची 'बाहेर' ही हिरवी पाटी रॅकच्या वर डोकावते आहे. पावडर कोटिंगचा ओव्हन, म्हणजे रंगाची पूड भाजून पक्की करणारी भट्टी, उत्तरेच्या मोठ्या शटरजवळ. म्हणजे ओव्हनपाशी पेट घेतला तर शटरकडे जाता येणार नाही आणि मागच्या दाराला कुलूप. आत अठरा माणसं. पैसा बाहेर जाऊ नये म्हणून माणसांनाही आत कोंडायचं का?

1911 साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात नेमकं हेच झालं. नवव्या मजल्यावर जिन्याच्या एका दाराला कुलूप होतं. 146 जण गेले, बहुतेक तरुण मुली. आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमाने कलम 38 मध्ये आगीच्या वेळी सगळ्यांना सुखरूप बाहेर पडता येईल असे मार्ग ठेवायला सांगितलं. त्यात दिशेचा उल्लेख नाही. मी हे सांगितल्यावर मामेभाऊ म्हणाला, 'चावी सुपरवायझरकडे असते.' सुपरवायझर त्या दिवशी रजेवर होता.

आता प्रेस, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं अवजड मशीन. कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी, ट्रकमधून उतरते ती ईशान्येच्या गेटपाशी, कारण एमआयडीसीचा रस्ताच तिकडे आहे. प्रेस पूर्वी कॉइलच्या जागेपासून 8 मीटरवर होती. आता शेडच्या दुसऱ्या टोकाला, 46 मीटरवर. जाऊन-येऊन 76 मीटर जास्त, दिवसाला 30 ट्रॉल्या, म्हणजे सव्वादोन किलोमीटरच्या वर. महिन्याचे 26 दिवस धरले तर पुण्याहून ढकलायला घेतलेली ट्रॉली लोणावळ्याच्या जरा अलीकडे पोचेल. शिवाय वाट असेंब्लीच्या टेबलांमधून, त्यामुळे ट्रॉली आली की चार बायका उठून उभ्या राहतात. लेआउट म्हणजे मालाची वाट. माल कुठून येतो, कुठे जातो, कोणाशेजारी कोण हवं आणि कोण नको. कारखान्यांच्या लेआउटची पद्धत मांडणारे रिचर्ड म्यूथर यांनी 1961 च्या पुस्तकात यासाठी विभागांच्या जवळिकीचा तक्ताच दिला, त्यात 'एक्स' म्हणजे हे दोन शेजारी नकोतच. होकायंत्र त्या तक्त्यात कुठेच नाही.

आणि होकायंत्र तरी कसलं! मामेभावाच्या वास्तू सल्लागारांनी मोबाईल हातात धरून शेडमध्ये दिशा काढल्या, आणि लोखंडाजवळ मोबाईलचं होकायंत्र भरकटतं. मी तेच करून पाहिलं. कॉइलच्या थप्पीपासून चार पावलं सरकलो तर उत्तर चांगली हातभर फिरली. म्हणजे प्रेस नैऋत्येला आहे की नाही हेही देवालाच ठाऊक.

वायव्येच्या तयार मालाचं काय सांगू? ट्रक ईशान्येला लागतो, तेव्हा माल निघताना पुन्हा आडवा जातो. त्यातलाही निम्मा त्या बंद दारासमोर येऊन बसलाय, कारण वायव्येला जागाच उरली नाही. केबिन आणि प्रेस दोन्ही नैऋत्येला हवी, तर मालकाने प्रेसच्या मांडीवर बसावं की काय, याचं उत्तर फॉरवर्डमध्ये नाही.

बरं, एक-दोन गोष्टींत तथ्य आहे, मान्य करतो. उत्तरेकडून येणारा उजेड सौम्य असतो, डोळ्यांवर येत नाही, आणि म्हणूनच गिरणगावातल्या गिरण्यांची छपरं करवतीच्या दातांसारखी करून काचा उत्तरेला लावत. भट्टी पूर्वेकडे ठेवली तर आपल्याकडच्या पश्चिमेच्या वाऱ्यात धूर शेडमध्ये फिरत नाही, हेही खरं. पण हिवाळ्यात वारा उलटतो, आणि आग्नेयेच्या कोपऱ्यात थिनरचे ड्रम ठेवलेले असले तर तिथे भट्टी नेणारा माणूस कोणत्याही शास्त्राला धरून वागत नाही. मामेभावाच्या त्याच कोपऱ्यात ड्रम आहेत. ओव्हन हलवायचं काम पुढच्या आठवड्यावर होतं, ते मी थांबवलं.

रॅक त्याच दिवशी बाजूला केली आणि कुलूप काढून मी खिशात घालून आणलं. प्रेस मात्र अजून तिथेच आहे. क्रेनवाला, फाउंडेशन आणि दोन दिवस बंद काम, हा खर्च एकदा झालाय, दुसऱ्यांदा करायला तो तयार नाही.