पंधरा मिनिटं पुरतात, पण वेळेवर द्या

दरवर्षी कॉलेज सुरू झालं की नव्या मुलांना तासभर ग्रंथालय दाखवतात. हे कपाट, तो वाचनकक्ष, पुस्तक उशिरा आणलं तर दंड एवढा. मुलं माना डोलावतात आणि विसरतात. मला त्यांचा राग येत नाही. सकाळी साडेसातचं लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी कुणी क्लासला तर कुणी दुकानात कामाला. आज न लागणारी गोष्ट डोक्यात राहणार कशी? मी पुण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझं ठाम मत आहे की संदर्भ शोधायला शिकवायचं ते सबमिशन तोंडावर आल्यावर, आणि तेही त्या मुलाच्याच विषयावर.

परवा एस.वाय.ची एक मुलगी आली. "मॅडम, आपल्याकडे पानशेतच्या पुरावर काहीच नाहीये." बस अर्ध्या तासात होती. तिला ओपॅकसमोर, म्हणजे ग्रंथालयातली पुस्तकं शोधायच्या संगणकासमोर, बसवलं. तिने रोमन लिपीत एकदाच शोधलं होतं. मग स्पेलिंग बदलून पाहिलं, देवनागरीत टाकलं, नुसतं 'पूर', नुसतं 'धरण' टाकलं. नोंदी दोन्ही लिप्यांत असतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! मग कपाटांकडे नेलं. १२ जुलै १९६१ ची ती एकच घटना, पण पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युईच्या वर्गीकरणात तीन जागी विखुरते: आपत्ती म्हणून ३६३, धरणबांधणी म्हणून ६२७, इतिहास म्हणून ९५४. एक पुस्तक हाती लागलं की शेजारची चाळायची, शेवटची संदर्भयादी बघायची. तिने पुस्तकामागच्या शब्दसूचीत 'खडकवासला'वर बोट ठेवलं, थेट ते पान उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. अख्खं पुस्तक वाचावं लागत नाही, हे तिला तेव्हा कळलं. जाता जाता शोधगंगाही दाखवलं. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात.

काही सहकारी म्हणतात, मुलांना एवढं आयतं कशाला? आयतं काय दिलं मी? पुस्तकं तिनेच काढली, पानं तिनेच शोधली. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये या शास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं आहे: वाचकाचा वेळ वाचवा. संध्याकाळी कामावर जाणाऱ्या मुलाला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे.

प्राध्यापक मित्रमैत्रिणींनो, यंदा सबमिशनचे विषय वर्गात देण्याआधी तुमच्या ग्रंथपालांना कळवा. माझ्या कॉलेजातल्यांनी मला नुसता एक मेसेज टाकावा. तुमच्याच तासाला येईन, पंधरा मिनिटं घेईन.