‘बिल्डरची जबाबदारी एकच वर्ष’ हे साफ खोटं आहे

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या नव्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. नव्या फ्लॅटची वॉरंटी एकच वर्ष असते, तीही फक्त पिलर-बीमची. ताबा घेताना ‘तक्रार नाही’ अशी सही दिली की हक्क संपला. आणि सोसायटी स्थापन झाली की गळती ही कमिटीची जबाबदारी. हा मेसेज वाचून लोक गप्प बसतात आणि तेवढ्यात मुदत सरून जाते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

एक वर्ष आलं कुठून? बहुधा लिफ्ट, पंप, गीझर यांच्या कंपनी-वॉरंटीच्या कार्डावरून. बांधकामाचा त्याच्याशी संबंध नाही. रेरा कायदा 2016 (बिल्डर आणि गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा), कलम 14(3) नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर तो 30 दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून देणं त्याला बंधनकारक आहे. नाही केला तर भरपाई. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, कारण बाहेरच्या भिंतीतलं कच्चं काम पहिल्या पावसाळ्यात दिसतंच असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात ओल येते, प्लास्टरचे पोपडे सुटतात. नेमकी तेव्हाच ‘एक वर्ष झालं की साहेब’ अशी उत्तरं मिळतात.

‘फक्त पिलर-बीम’ हेही खोटं. त्याच कलमात स्ट्रक्चरल दोषाबरोबर कारागिरी, दर्जा आणि सेवा यांतले दोषही आहेत. बाथरूमचं फसलेलं वॉटरप्रूफिंग, पोकळ वाजणाऱ्या टाइल्स, डक्टमधली गळकी पाइपलाइन यांसाठी याच कलमाखाली दाद मागता येते.

सहीचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. किल्ली हातात येण्याच्या घाईत माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो आणि नंतर स्वतःलाच दोष देत बसतो. पण कायद्यातली 5 वर्षं मुळात ताब्याच्या दिवसापासूनच मोजली जातात. ज्या दिवशी हक्क सुरू होतो, त्याच दिवशीच्या सहीने तो संपेल कसा? भिंतीच्या आतली गळती त्या दिवशी कुणाला दिसणार होती? करारातच मुदत कमी लिहिली असेल तरी घाबरू नका. दोषदायित्वाचं, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्याच्या जबाबदारीचं कलम बदलता येणार नाही, असं महारेराने (रेरा कायद्याखालचं महाराष्ट्राचं प्राधिकरण) बिल्डरांना बजावलेलं आहे.

सोसायटी झाल्याने बिल्डर सुटत नाही. गच्ची, पोडियम, पाण्याची टाकी यांच्या दोषांसाठी सोसायटी स्वतः महारेराकडे जाऊ शकते. फ्लॅट रीसेलमध्ये घेतला असेल तरी कायद्याच्या व्याख्येत तुम्ही खरेदीदारच आहात. भाडेकरू मात्र त्यात येत नाही.

मेसेजमध्ये एक ओळ खरी आहे: स्वतः तोडफोड केली तर बिल्डर हात वर करतो. बाथरूम फोडून नवं केलं, पाइप हलवले आणि खाली गळती लागली, तर दोष त्याचा होता हे सिद्ध करणं कठीण जातं. म्हणून इंटिरियरचं काम काढण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवा.

आता सगळ्यात जास्त हक्क जिथे बुडतात ती गोष्ट. तक्रार तोंडी केली जाते. साइट ऑफिसचा माणूस येतो, डॅम्पप्रूफ रंगाचा एक हात मारतो, ओल पुढच्या पावसापर्यंत दबते. असं दोन-तीनदा झालं की 5 वर्षं सरतात आणि तुमच्या हातात कागद एकही नसतो. पहिला डाग दिसला त्याच आठवड्यात ई-मेल करा, सोबत स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. फ्लॅट नंबर, ताब्याची तारीख, दोषाची जागा, फोटो आणि ‘कलम 14(3) नुसार 30 दिवसांत दुरुस्ती करावी’ ही ओळ, एवढं पुरे. तात्पुरती डागडुजी करून गेले तर तेही पुन्हा ई-मेलने कळवा. 30 दिवसांत काम झालं नाही तर महारेराच्या संकेतस्थळावर तक्रार दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही, कलम 56 प्रमाणे तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता. भरपाई हवी असेल तर तिचा निर्णय कलम 71 खाली न्यायनिर्णय अधिकारी देतात, म्हणून अर्जात दुरुस्ती आणि भरपाई या मागण्या वेगवेगळ्या, स्पष्ट लिहा.