‘प्रवचन नको’ म्हणणाऱ्या वाचकास

विद्यापीठांमधल्या उद्योजकतेच्या शिक्षणामागची मूल्यं या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: "मूल्यं घरातून येतात. वर्गात भांडवल कसं उभारायचं, विक्री कशी करायची ते शिकवा, प्रवचन नको. ज्यांनी कधी धंदा केला नाही त्यांनाच असलं काही सुचतं." शिवाय लेख लांबलाय आणि असल्या अभ्यासक्रमांचा उपयोग होत नाही, हेही.

लेख लांबला, मान्य. मधले दोन परिच्छेद गाळता आले असते. पण मतभेद वेगळा आणि हेटाळणी वेगळी. समोरच्याचं म्हणणं प्रवचन ठरवलं की त्याला उत्तर द्यायची गरज उरत नाही. ही सोय मी आपल्याला देणार नाही.

धंद्याचं म्हणाल, तर शिकवायला लागण्याआधी मी भागीदारीत छपाईचा व्यवसाय केला आहे. ओळखपाळख नसताना माणसाबद्दल असं ठोकून देण्याआधी विचारायला हवं होतं. व्यवसाय अडचणीत आला तेव्हा भागीदाराचं म्हणणं होतं की न मिळालेल्या ऑर्डरी मिळाल्या म्हणून दाखवू, कर्ज मंजूर होईल. मी नकार दिला, भागीदारी मोडली, कामगारांचे पगार चुकते करून आम्ही शटर ओढलं. त्याआधी मी उद्योजकतेचा अभ्यासक्रम पुरा केला होता. बाजारपेठेचा अंदाज बांधणं, ताळेबंद वाचणं सगळं शिकलो होतो. त्या टेबलावर भागीदाराला काय सांगायचं, याबद्दल तिथे अवाक्षर नव्हतं. आणि भागीदारावरही घरी संस्कार झालेच होते हो!

आता 'भांडवल उभारायला शिकवा' या वाक्याकडे येतो. थेरानोस या रक्ततपासणीच्या अमेरिकी कंपनीच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स यांनी गुंतवणूकदारांकडून ७० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. भांडवल उभारण्याचं कौशल्य त्यांच्याकडे भरपूर होतं. रक्ततपासणीचं यंत्र मात्र सांगितलं तसं चालत नव्हतं, आणि २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल त्या दोषी ठरल्या. अशा वेळी नुसतं कौशल्य शिकवून आपण नेमकं काय वाढवतो, याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत कुठे आहे?

मुळात वर्गात मूल्यं शिकवली जात नाहीत हेच खरं नाही. पिच स्पर्धेत, म्हणजे विद्यार्थी आपली धंद्याची कल्पना मांडतात तिथे, परीक्षक विचारतात: बाजार केवढा, वाढ किती वेगाने? धंदा बुडाला तर झळ कोणाला बसेल, हे क्वचितच विचारलं जातं. पाहुणे म्हणून कंपनी विकून मोकळा झालेला संस्थापक येतो. वर्षानुवर्षं मोजक्या माणसांचे पगार वेळेवर देणारा कारखानदार येत नाही. बक्षीस कशाला मिळतं हे विद्यार्थी बरोबर टिपतो. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९९० मध्ये हेच समाजाबद्दल मांडलं होतं: उद्यमी माणसं सगळीकडे असतात, ती उत्पादक कामाकडे वळतात की निव्वळ ओरबाडण्याकडे, हे बरंचसं समाज बक्षीस कशाला देतो त्यावर ठरतं. वर्गालाही हा नियम लागू पडतो. बक्षिसं आपणच वाटायची आणि मूल्यांची जबाबदारी घरावर ढकलायची, याला मी पळवाट म्हणतो.

'घरातून येतात' हेही इतकं सरळ नाही. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६० च्या दशकात काकीनाड्यातल्या छोट्या व्यावसायिकांना जेमतेम दहा दिवसांचं प्रशिक्षण दिलं. विषय होता यशाची प्रेरणा. पुढे त्यांनी प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा जास्त गुंतवणूक केली, जास्त नव्या उद्योगांना हात घातला. ही मोठी, संसारी माणसं होती. घरातून जे यायचं ते येऊन गेलं होतं. प्रेरणा म्हणजे सचोटी नव्हे, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण माणसाचा कल प्रौढपणीही शिकवण्याने बदलू शकतो, एवढं त्यातून दिसतं आणि माझ्या मुद्द्याला ते पुरेसं आहे.

उरला असल्या अभ्यासक्रमांचा उपयोग होत नाही, हा तुमचा मुद्दा. नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका अभ्यासात उद्योजकतेच्या अभ्यासक्रमानंतर विद्यार्थ्यांची उद्योग सुरू करण्याची इच्छा उलट घटली, हे मला माहीत आहे. आपला पिंड हा नाही, हे कर्ज काढण्याआधी कळलं तर मी त्याला अपयश मानत नाही. याहून जास्त त्यावर इथे लिहिणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिणार असाल तर लेखाचा तिसरा भाग आधी वाचा. पिच स्पर्धेत परीक्षकांनी कोणते प्रश्न विचारावेत, ते तिथे दिले आहेत. त्यातला कोणता प्रश्न तुम्हाला प्रवचन वाटतो, तेवढं सांगा.