पी-५३ केंद्रकाबाहेर: फोंड्याच्या सरांच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार सर,

पी-५३ हे प्रथिन केंद्रकाबाहेर, मायटोकॉन्ड्रियावर (पेशीच्या ऊर्जाकेंद्रांवर) थेट काम करूनही पेशीमृत्यू घडवते, असे मी लेखात लिहिले होते. तुमचा आक्षेप असा, की पी-५३ हे केंद्रकात राहून जनुके चालू करणारे प्रथिन. मायटोकॉन्ड्रियाच्या नमुन्यात ते दिसले तर ती केंद्रकाची भेसळ, आणि मी तिच्यावर इमला रचला.

भेसळीची शंका रास्तच आहे. डाऊन्स होमोजनायझरमध्ये (पेशी फोडायच्या काचेच्या खलबत्त्यात) फटके जास्त झाले की केंद्रके फुटतात, डीएनएमुळे मिश्रण चिकट होते आणि पी-५३ सगळीकडे पसरते. म्हणून २५० मिलिमोलर सुक्रोजच्या द्रावणात, बर्फावर पेशी फोडताना दर पाच फटक्यांनी मिश्रणाचा एक थेंब ट्रायपॅन ब्लू (फुटलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग) घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा. मग सेंट्रीफ्यूजमध्ये ७०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ७०० पट जोराने) १० मिनिटे फिरवून केंद्रके खाली बसवायची. वरचा द्रव पुन्हा एकदा तसाच फिरवायचा (घाईत हीच पायरी गाळली जाते), आणि शेवटी १०,००० जीला १० मिनिटे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया खाली बसतात. आपल्याकडे पावसात वीज जाते; मधेच सेंट्रीफ्यूज तापला तर तो नमुना टाकून द्यावा. ब्लॉटवर (नमुन्यात कोणती प्रथिने आहेत हे दाखवणाऱ्या चाचणीत) मायटोकॉन्ड्रियाचे व्हीडॅक दिसायला हवे आणि केंद्रकाचे लॅमिन दिसता कामा नये. केंद्रकाची खूण म्हणून पीसीएनए हे प्रथिन नको, ते पेशी फोडताना सहज गळते.

पण माझा भरवसा ब्लॉटवर नाही. २००३ मध्ये केंद्रकच काढून टाकलेल्या पेशींत पी-५३ जागे केले, तरी बॅक्स या पटलाला भोके पाडणाऱ्या प्रथिनामार्फत पेशीमृत्यू झाला. तिथे भेसळ कुठून येणार? त्याच वर्षी वेगळ्या काढलेल्या मायटोकॉन्ड्रियांत शुद्ध पी-५३ मिसळले आणि सायटोक्रोम सी हे आतले प्रथिन बाहेर पडले. पी-५३ हे बीसीएल-एक्सएल आणि बीसीएल-२ या पेशीमृत्यू रोखणाऱ्या रखवालदार प्रथिनांना अडकवून ठेवते, मग मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य पटलाला भोके पडतात. खाजनाचा (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताचा) मानस, म्हणजे पाणी अडवणारे दार, तुटावा तसे हे असते. एकदा फुटले की थोपवता येत नाही. सुटलेले सायटोक्रोम सी अपाफ-१ या प्रथिनाला चिकटते आणि पेशी मोडून टाकण्याची साखळी सुरू करणारे कॅस्पेज-९ हे विकर कामाला लागते.

२००५ मध्ये तर दोन्ही कामांचा सांधाच सापडला. केंद्रकातले पी-५३ प्यूमा नावाचे प्रथिन बनवायला लावते, आणि हे प्यूमा बाहेर बीसीएल-एक्सएलच्या मिठीत अडकलेल्या पी-५३ला सोडवते. म्हणजे केंद्रक की केंद्रकाबाहेर, हा वादच चुकीचा मांडला जातो.

मात्र प्यूमा नसलेल्या उंदरांच्या थायमस या छातीतल्या ग्रंथीमधल्या पेशी किरणोत्सर्गाला बऱ्याच अंशी पुरून उरतात. म्हणून जनुके चालू करण्याचे काम मी दुय्यम मानत नाही.

एक चूक माझीच. ‘मायटोकॉन्ड्रियात’ असे मी लिहिले होते. या कामातले पी-५३ मुख्यतः बाह्य पटलावर असते. अखंड मायटोकॉन्ड्रियांवर ट्रिप्सिन (प्रथिने तोडणारे विकर) घालून बघावे: पृष्ठावरचे पी-५३ नाहीसे होते, आतली प्रथिने शाबूत राहतात. मूळ लेखातले ते वाक्य दुरुस्त केले आहे.