मांजर होता येतं ना? मग हो की!

रूप बदलणाऱ्या नायिकेची आणखी एक रहस्यकादंबरी वाचली, आणि परत तेच. नायिका रूप बदलणारी, जीभ अशी की पुणे स्टेशनवरचा रिक्षावालासुद्धा मुकाट मीटर टाकेल. शहरात खून पडलाय. इथपर्यंत मी खूश. आणि मग ही बया संशयिताच्या घरात शिरते कशी? माणसाच्याच रूपात, हातात टॉर्च घेऊन! वर पलंगाखाली लपते आणि शिंकते. अगं, तुला मांजर होता येतं ना? शनिवार पेठेतल्या कुठल्याही वाड्याच्या जिन्यात मांजर बसलं तर कोण विचारतंय? उलट वाटीभर दूध मिळेल आणि सगळ्या बिऱ्हाडांच्या भानगडी फुकटात ऐकायला मिळतील.

पण नाही. शक्ती आठवणार शेवटच्या प्रकरणात, खुनी सुरा घेऊन समोर उभा राहिला की. ५५ किलोच्या बाईचं ४ किलोचं मांजर होतं, उरलेलं वजन लेखक कुठं ठेवतो देव जाणे. (यावर तरी तिनं एखादा टोमणा मारावा की नाही?)

आपल्या मारीचाचं बघा. सोन्याचं हरीण झाला, रामाला लांब नेलं, बाण लागल्यावर मरता मरता रामाच्या आवाजात सीतेला, लक्ष्मणाला हाका मारून काम फत्ते केलं. राक्षस असला तरी कामाला चोख!

आणि खुनी प्रत्येक वेळी तोच, गोडगोड बोलणारा, येता-जाता चहाला बोलावणारा शेजारी. पेठेत कोणी इतकं गोड बोलायला लागलं तर आम्ही पंचनाम्याआधीच त्याला धरू.