खुलासा : ते सीलची घरं मोडत नाहीत, बांधतात

फिनलंडमधल्या सायमा सरोवराच्या बर्फावर फावडी घेतलेली माणसं दाखवून ‘सीलची (पाण्यात राहणाऱ्या सस्तन प्राण्याची) घरं उकरताहेत’ असा मेसेज फिरतोय. हे साफ चूक आहे. बर्फ कमी पडला की हे स्वयंसेवक किनाऱ्याला बर्फाचे ढीग रचतात. मादी खालून, पाण्यातून, वर येऊन त्यात बीळ कोरते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लू देते. २०१४ पासून हे काम चाललंय, आणि फार मोलाचं आहे.

बिळांची मोजणी वेगळी. ती एप्रिलमध्ये, छत वितळून ढासळल्यावर होते. बिळात पिल्लाचे केस दिसतात. पाणबुडे तळाशी वार (जन्मानंतर मादीच्या पोटातून पडणारी पिशवी) शोधतात, मेलेली पिल्लंही. त्यावरून जन्मांचा आकडा ठरतो. या सीलची संख्या आज जेमतेम काहीशे आहे.