डोक्यावर डबा म्हणजे अमोनिया? मुळीच नाही

पडक्या बंगल्यांत सापडणाऱ्या जुन्या फ्रिजांबद्दल एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. सोबत पांढऱ्या कपाटाच्या माथ्यावर गोल डबा बसवलेल्या फ्रिजचा फोटो. म्हणणं असं: माथ्यावर डबा असला की तो अमोनियाचा. मोटर दिसली नाही तर ती कुणीतरी काढून नेली. दाराला कडी असली की फ्रिज शंभर वर्षांपूर्वीचा. आणि गॅस कधीच उडून गेलेला असतो, तेव्हा नळ्या कापून तांबं विकायला हरकत नाही.

फोटोतला फ्रिज ओळखीचा आहे. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकचा हा ‘मॉनिटर टॉप’, 1927 साली बाजारात आलेला. तिथल्या यादवी युद्धातल्या ‘मॉनिटर’ या चिलखती जहाजाच्या गोल तोफबुरुजावरून त्याला हे नाव पडलं. मोटर आणि कॉम्प्रेसर पोलादी कवचात सीलबंद, भोवती कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या. त्याची उष्णता वरच्या वर निघून जावी म्हणून सगळा संसार माथ्यावर. आत थंडावा देणारा गॅस म्हणून सल्फर डायऑक्साइड, नंतरच्या काही मॉडेलांत मिथिल फॉर्मेट. साखर कारखान्यात गंधक जाळून उसाचा रस स्वच्छ करतात, तिथे नाकाला झोंबतो तोच हा सल्फर डायऑक्साइड.

अमोनिया ओळखायचा तर आकार सोडा, नळीचा धातू बघा. अमोनिया तांबं-पितळ खातो, म्हणून त्याच्या यंत्राला नळ्या लोखंडाच्या नाहीतर पोलादाच्या. अमोनियावर चालणाऱ्या एखाद्या बर्फाच्या कारखान्यात डोकावलात तर जाडजूड लोखंडी पाइपांचं जाळंच दिसेल. आता गंमत बघा: हा मजकूर एका दमात अमोनिया म्हणतो आणि दुसऱ्या दमात तांब्याच्या नळ्या कापायला सांगतो! लिहिणाऱ्याने दोन्ही वाक्यं एकत्र वाचली असती तरी पुरे होतं.

मोटर चोरीला गेल्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली, कारण खरा अमोनिया नेमका तिथेच असतो. प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये एकही हलता भाग नसलेला फ्रिज तयार केला; पुढे इलेक्ट्रोलक्सने तो जगभर विकला. खाली गॅसचा बर्नर किंवा रॉकेलचा दिवा. त्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया सुटतो, थंड होऊन द्रव होतो, मग हायड्रोजनच्या संगतीत त्याची वाफ होते आणि आतली उष्णता ओढून घेतो. आवाज शून्य. वीज न पोचलेल्या गावांतल्या दवाखान्यांत आणि बंगल्यांत असे रॉकेलवरचे फ्रिज असत. तळाशी रॉकेलची टाकी, मागे काजळी धरलेलं धुराडं आणि पोलादी नळ्यांचा गुंता दिसला की मोटर शोधत बसू नका, ती नव्हतीच. सांध्यापाशी पिवळी भुकटी दिसली तर हात लावू नका; नळ्या गंजू नयेत म्हणून आत घातलेलं ते विषारी क्रोमेट असतं. (आणि नळीच नाही, आत जस्ताचा पत्रा आणि पाणी जायला भोक असेल, तर ती नुसती बर्फाची पेटी.)

गॅस उडून गेला म्हणता? सीलबंद यंत्रातून तो जाणार कुठून? हौशी संग्राहकांकडे मॉनिटर टॉप आजही मूळ गॅसवर चालताहेत. वास येत नाही हीसुद्धा खात्री नव्हे. सल्फर डायऑक्साइड निदान नाकाला कळतो. त्याच काळातल्या इतर फ्रिजांत वापरलेल्या मिथिल क्लोराइडला वास जवळजवळ नाहीच, शिवाय तो पेटतो. 1929 मध्ये शिकागोत त्याच्या गळतीने माणसं दगावली होती. नंतर आलेला फ्रिऑन त्यामानाने सौम्य, पण हवेपेक्षा जड. तळघरात साचला तर श्वासाला हवा उरत नाही आणि गॅसकटरच्या ज्योतीत त्याचे विषारी वायू होतात. तेव्हा करवत, कटर लांब ठेवा आणि आधी नेमप्लेट पुसून वाचा. बऱ्याच कंपन्या गॅसचं नाव तिथेच देत.

राहिली कडी. बाहेरूनच उघडणाऱ्या दारांमागे मुलं अडकून गुदमरायला लागली, म्हणून अमेरिकेने 1956 मध्ये कायदा केला. ऑक्टोबर 1958 पासून तिथल्या नव्या फ्रिजचं दार आतून ढकलून उघडणं सक्तीचं झालं. म्हणजे कडीवाला अमेरिकी फ्रिज 1957 चाही असू शकतो. तो ओळखण्याआधी, गॅसच्या नळ्यांना धक्का न लावता, त्याचं दार बिजागरीतून काढून बाजूला ठेवा.